सापनोंदी, यंदाचा पावसाळा: वहीत एक नवा रकाना

मंडळी, गेल्या वर्षापर्यंत माझ्या वहीत ठरलेलेच रकाने होते. तारीख, वेळ, जागा, पाऊस की उघडीप, जात, अंदाजे लांबी, फोटो. यंदा त्यात एक वाढवला: 'ऐकीव'. साप दिसला की भोवती जमलेली माणसं त्याच्याबद्दल काय बोलतात ते जसंच्या तसं टिपायचं. सुरुवात गंमत म्हणून केली होती. दिवाळीच्या सुट्टीत वही चाळायला घेतली तेव्हा लक्षात आलं की या रकान्यात दोन तऱ्हेची माणसं बोलतायत. एक गावातली, मांडुळाला दोन तोंडं देणारी आणि नागाच्या डोक्यात मणी ठेवणारी. दुसरी आपल्यातली, म्हणजे सापांची हौस असलेली, कॅमेरा गळ्यात अडकवून ग्रुपवर 'त्रिकोणी डोकं, विषारीच' असं ठोकून देणारी. पहिल्यांच्या गैरसमजापायी बहुतेकदा साप जातो. दुसऱ्यांच्यापायी माणूस जाऊ शकतो. म्हणून यंदा जातींची यादी बाजूला ठेवून या रकान्याचाच आढावा देते. जागा नेहमीचीच: राजापूर तालुक्यातली आमची वाडी, कलमांच्या बागा आणि वरचा सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा कातळमाळ.

मे अखेर

बागेच्या कडेला दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या. 'नाग आणि धामण लागलेत' म्हणत शेजारचे दादा धावत आले आणि खांद्यावरचा पंचा त्यांच्यावर टाकायला निघाले. तो पंचा नंतर कपाटात ठेवला की घरात पैसा टिकतो म्हणे. त्यांना कसंबसं थोपवलं आणि दोघंही गडग्यावर बसून बघत राहिलो. अंगाचा पुढचा भाग जमिनीपासून उचलायचा, दुसऱ्याच्या मानेवर मान टाकायची आणि त्याचं डोकं खाली दाबायचं. खालचा सुटतो, पुन्हा वर येतो. कुठे चावा नाही. हे दोन्ही नर, आणि ही शक्तीची झुंज. धामणींचा खरा समागम कुणी चित्रित केला तर त्याला फारसे लाईक मिळणार नाहीत, कारण त्यात जोडी बराच वेळ जवळपास स्वस्थ पडून असते. नाग आणि धामण तर वेगळ्या कुळांतले, त्यांची जोडी जमायचा प्रश्नच नाही.

दादांनी पंचा खांद्यावर ठेवला, पण पटलं असं काही दिसलं नाही. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते हे त्यांनी 'सोताच्या डोळ्यांनी' पाहिलेलं आहे. सापाला चोखायला ओठ नसतात, दात सुईसारखे आणि आत वळलेले असतात, ते सडात रुतले तर म्हैस गोठा डोक्यावर घेईल, हे सगळं सांगून झालं. गोठ्यात धामण येते ती पेंडीमागे येणाऱ्या उंदरांसाठी.

मृग

यंदाचं सगळ्यात समाधानाचं काम हे. वाडीतल्या एका घरी पडवीच्या वाशांत लांबलचक कात लोंबत होती. घरात घबराट, 'एवढा मोठा नाग' म्हणून माळ्यावर कुणी चढेना. कात मागून आणली, कोमट पाण्यात भिजवली आणि वर्तमानपत्रावर अलगद पसरली. ज्यांनी हे अजून केलं नसेल त्यांनी जरूर करा, जिवंत सापाच्या वाऱ्यालाही उभं न राहता त्याच्याबद्दल इतकं कळतं.

कात उलटी निघते, पायातून मोजा ओढून काढावा तशी. निघताना खवल्यांमधली दुमडलेली कातडी ताणली जाते, त्यामुळे कात मूळ सापापेक्षा चांगलीच लांब भरते. गावोगावच्या 'दहा फुटी' नागांपैकी बरेच असे कातेवरून मोजलेले असतात. अंगाच्या मधोमध तिरक्या रेषेत खवल्यांच्या ओळी मोजल्या: १७. गुदद्वाराच्या जरा अलीकडे मोजल्या: १४. मधल्या १७ आणि मागच्या १४ हा धामणीचा मेळ. नागाच्या मधल्या ओळी साधारण २१ ते २५ भरतात, मण्यारीच्या १५. डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक टोप्याही शाबूत होत्या. सापाला पापण्या नसतात, ही टोपीच डोळा झाकते आणि कातेबरोबर तीही बदलते. कात टाकायच्या आधी काही दिवस डोळे दुधाळ निळसर दिसतात, म्हणून 'आंधळा साप'. आणि डोक्यावर कातेच्या चिंध्या अडकून राहिल्या की झाला 'केसाळ नाग'.

वर्तमानपत्र तसंच उचलून त्या घरी नेलं आणि आजींच्या समोर ओळी मोजून दाखवल्या. आजींनी चष्मा लावून स्वतः पुन्हा मोजल्या. धामण माळ्यावरच राहिली.

आषाढ

आता आपल्यातली माणसं. न्हाणीच्या भिंतीवर चढलेल्या एका सापाचा फोटो ग्रुपवर आला, काळपट अंगावर पांढरे आडवे पट्टे. दोन मिनिटांत दोन निकाल: 'मण्यार, लांब राहा' आणि 'कवड्या, उचला बिनधास्त'. तो बिनविषारी कवड्याच होता. पट्टे मानेपाशी रुंद आणि ठळक, शेपटीकडे विरत गेलेले, डोकं चपटं, आणि पाली खायला भिंत चढणं हे त्याचंच काम. मण्यारीचं बहुधा उलटं: पुढे पट्टे पुसट किंवा नाहीतच, मागे स्पष्ट, पुष्कळदा जोडीजोडीनं.

इथवर आपल्याला पाठ असतं. पण मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे मानेजवळूनच सुरू होतात, आणि तिथे ही युक्ती दगा देते. पक्की खूण पाठीच्या कण्यावरची: मण्यारीत त्या ओळीचे खवले मोठे आणि षटकोनी असतात. शिवाय तिच्या शेपटीखालचे खवले अखंड, कवड्याचे दोन भागांत विभागलेले. कातेवर हे झकास दिसतं. रात्री विजेरीच्या उजेडात, सापाचा कुठलाच भाग नीट दिसत नसताना मुळीच दिसत नाही. तेव्हा 'उचला बिनधास्त' हा सल्ला देणाऱ्याला मी ग्रुपवर सरळ झापलं. जुने सभासद रागावले, असोत.

बाकीच्या 'शास्त्रीय' खुणांचीही तीच गत. त्रिकोणी डोकं म्हणाल तर ते नागाला नाही आणि मण्यारीलाही नाही. उलट मानेहून ठळक रुंद डोक्याचा मांजऱ्या साप माणसाला काही करू शकत नाही, आणि चिडलेली बिनविषारी दिवड डोकं चपटं करून बघता बघता त्रिकोणी होते. डोळ्यातली उभी बाहुली म्हणाल तर तीही मांजऱ्याला आहे, नाग-मण्यारीची बाहुली गोल. 'चारच विषारी' म्हणाल तर आमच्या झाडांवर चापडा आहे, पालापाचोळ्यात पोवळा साप आहे आणि खाली बंदरावर जाळ्यातून निघणारे समुद्री साप आहेत. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बेतलेली आहे, समुद्री सापावर तिचा भरवसा नाही. खलाशी ते साप हातानं उचलून फेकतात, ते बघून माझ्याच पोटात गोळा येतो.

सगळ्यांत घातक म्हणजे 'दोन दातांचे व्रण नाहीत, काळजी नको'. मण्यारीचे विषदंत आखूड असतात, खूण दिसेलच असं नाही, आणि दुखतही नाही फारसं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मध्यरात्री पान लागतं, म्हणजे साप चावतो, पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. यावरचा उपाय अगदी साधा आहे: गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. ग्रुपवर साप 'वाचवल्याचे' व्हिडिओ टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या घरी मच्छरदाणी लावायला सांगितलं, हा माझा आवडता खवचट प्रश्न आहे.

नागपंचमी

आमच्याकडे मातीचा नागोबा पुजतात, लाह्या वाहतात, पातोळे खातात, त्या दिवशी जमीन खणत नाहीत. यात कुणाचंच नुकसान नाही. दुधाचं सर्वांना ठाऊक आहे: गारुड्याचा नाग तहानलेला ठेवलेला असतो म्हणून पितो. पुंगीबद्दल मात्र आपलीच गाडी जुन्या रुळावर आहे. 'साप ठार बहिरा' हे आपण शाळांतल्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं सांगत आलोय. सापाला बाहेरचा कान आणि कानाचा पडदा नसतो हे खरं, पण आतला कान आहे आणि तो जबड्याच्या हाडाशी जोडलेला आहे. २०२३ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९ सापांवर प्रयोग केले. हवेतून आलेल्या खालच्या पट्टीच्या आवाजांनाही सापांनी प्रतिसाद दिला, आणि तोही जातीजातीनुसार वेगळा. नाग डोलतो तो पुंगीच्या हालचालीमागेच, तेवढं खुशाल सांगा. 'बहिरा' हा शब्द गाळा.

भाद्रपद, सडा

फुरशाच्या बाबतीत गावकऱ्यांचं ज्ञान आपल्यापेक्षा वरचढ आहे. कातळावरचा सुटा जांभा उचलताना इथला गडी आधी तो काठीनं किंवा पहारीनं कलंडवतो, हात घालत नाही. 'फुरसं उडी मारतं' हे अतिशयोक्त आहे, पण बिनबुडाचं नाही: गुंडाळी करून, बाजूचे करवती खवले एकमेकांवर घासत करकर आवाज करतं, आणि मग इतक्या झपाट्यानं झेप घेतं की बघणाऱ्याला उडीच वाटावी. मागे लागत मात्र नाही. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, आणि हिरड्यांतून रक्त यायला कधी कधी दिवस उलटतो. तोवर भगतानं 'उतरवलेलं' असतं. बिनविषारी साप चावला किंवा विषारी सापानं विष टोचलंच नाही, की तेही यश त्याच्याच नावावर जमा.

भातकापणी

या दिवसांत ऐकीव रकान्यात एकच वाक्य सारखं येतं: 'अजगराचं पिल्लू आहे, घ्या हातात'. घोणस थेट पिल्लं देते, एका वेताला वीस-चाळीससुद्धा, आणि प्रत्येक पिल्लू जन्मतःच विषारी. तिच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. अजगराच्या अंगावर वेडेवाकडे मोठे डाग असतात, डुरक्या घोणस या बिनविषारी सापावरही वेडेवाकडेच, पण त्याची शेपटी आखूड. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते हे खरं, पण गप्प राहिलेली घोणसही पाहिली आहे. याच्या उलट टोकाला आपल्यातला एक लाडका समज: 'पिल्लाचं विष मोठ्यापेक्षा घातक'. मोठ्या घोणशीच्या एका दंशात कितीतरी जास्त विष जातं. पिल्लू धोकादायक आहेच, पण मोठीला हलकं लेखायला ते कारण नको.

दवाखान्याबद्दलही दोन्ही गटांचं एकमत निघालं: 'साप मारून बरोबर न्या, त्याशिवाय लस देत नाहीत'. चूक. लस एकच आणि चौघांवर. डॉक्टर लक्षणं बघतात आणि कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं स्थिर ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचा संशय पक्का होतो. साप शोधण्यात गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही, आणि तो मारताना दुसरा माणूस चावून घेतो ते वेगळंच. आवळपट्टी नको, चिरा नको, चावलेला अवयव हलवायचा नाही, १०८ ला फोन. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातले साधारण निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे आपण हौसेनं विजेऱ्या घेऊन बाहेर पडतो त्याच महिन्यांत.

पुढच्या हंगामासाठी कातांचा संग्रह वाढवायचा आहे, जातवार, मधल्या आणि मागच्या ओळींच्या आकड्यांसकट. मण्यारीची अखंड कात अजून हाती लागलेली नाही. कुणाला मिळाली तर कण्यावरची ओळ आणि शेपटीची खालची बाजू, दोन्ही जवळून टिपून पाठवा. नुसत्या अख्ख्या कातेच्या फोटोवरून जात विचारलीत तर उत्तर देणार नाही.