साहेब, ब्लॅकजॅक सोडून काहीही खेळा

आज पहाटे गोव्याहून स्वारगेटला उतरलो. झोप नाही, डोकं अजून ब्लॅकजॅकचे, म्हणजे कॅसिनोत डीलरविरुद्ध खेळायच्या एकवीसच्या डावाचे, पत्तेच मोजतंय. २ ते ६ आला की अधिक १, दश्शी-चित्र-एक्का आला की उणे १, मधले ७-८-९ शून्य. आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागायचं. चौथीतलं गणित.

अवघड असतं ते नजरेत न येणं.

काल मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर दीड तास मुकाट १,००० लावत बसलो होतो. ना पाणी मागितलं, ना कुणाशी बोललो. मग मोजणी वर चढली, म्हणजे उरलेल्यांत मोठी पानं जास्त, डाव माझ्या बाजूने, आणि मी हावरटासारखे एकदम ८,००० सरकवले. डीलरने मागे नुसतं बघितलं. लगेच पत्ते पुन्हा पिसले, माझी मोजणी पाण्यात. कोटवाला अदबीने म्हणाला, "साहेब, आज रूलेट खेळा ना!"

भांडणार काय? १९८२ मध्ये केन उस्टन हा नावाजलेला पत्ते मोजणारा न्यू जर्सीत कोर्टात जिंकला, मोजणाऱ्याला तेवढ्यासाठी हाकलता येत नाही म्हणून. मग तिथले कॅसिनो हवं तेव्हा पिसायला लागले. झालं!

सकाळी शनिवारात काकांकडे चहाला गेलो, सगळं सांगितलं. काका मेंढीकोटातले दादा.

"अरे, हुकूम मीही सगळे मोजतो. पण मधेच विचारायचं, 'राणी गेली का रे?' बावळट दिसलं पाहिजे. चाळीस वर्षांत कुणाला कळलं नाही."

आतून काकू : "मला कळलं होतं."