फणसाडला मे महिन्यात: सोनपाठी सुताराची पिल्लं बघताना

मे संपत आला की रायगड जिल्ह्यातलं फणसाड अभयारण्य गाठावं. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि सोनपाठी सुतार पक्ष्याच्या ढोलीत, म्हणजे खोडात कोरलेल्या घरट्यात, बऱ्याचदा मोठी पिल्लं असतात. आम्ही अलिबागहून रेवदंड्याचा पूल ओलांडून सुपेगावला पोचतो, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करतो, गावातला वाटाड्या सोबत घेतो. सकाळी साडेसहा ते साडेनऊ ही खरी वेळ. त्यानंतर उकाडा वाढतो आणि पक्ष्यांची ये-जा मंदावते.

ढोल रानातच शोधायला हवी असं नाही. गावाच्या कडेला शेंडा मोडलेला, वठलेला माड उभा असेल तर आधी तो निरखावा. भुसभुशीत लाकूड कोरायला सोपं जातं. रानात कललेल्या खोडाची किंवा फांदीची खालची बाजू बघावी, तिथल्या तोंडातून पावसाचं पाणी आत शिरत नाही. बुंध्याशी लाकडाच्या ताज्या ढलप्या पडल्या असतील तर कोरणं अजून चालू आहे. तिथे पिल्लं बघायला मिळणार नाहीत. पिल्लं असतील तर ढोलीतून बारीक, सलग घरघर ऐकू येते, आणि आई-बाप खोडावर टेकले की ती एकदम चढते.

पक्षी ओळखणं अवघड नाही. पाठ सोनेरी, कंबर काळी, गळा काळा आणि त्यावर पांढऱ्या रेघा. कंबर लाल दिसली तर तो दुसरा, मोठा सुतार. नराचा माथा कपाळापासून तुऱ्यापर्यंत लाल. मादीचा फक्त तुरा लाल, पुढचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. भरवायला दोघंही येतात, म्हणून दोघं दिसेपर्यंत जागा सोडू नये.

नवख्या माणसाची इथे हमखास गफलत होते. सुताराची चोच रिकामी दिसते आणि त्याला वाटतं, पक्षी नुसताच येऊन गेला. सोनपाठी सुतार मुंग्या, त्यांच्या अळ्या आणि कोष गिळून आणतो. मग पिल्लाच्या उघड्या चोचीत आपली चोच घालून, मान झटकत, थोडं थोडं ओकतो. दुर्बिणीतून ही मानेची झटक नीट दिसते, आणि भरवणं ओळखायची खूण तीच.

पिल्लांचं वय आई-बापाच्या शेपटीवरून ताडता येतं. अंडी साधारण 11 दिवसांत फुटतात, पिल्लं पुढे 20 दिवसांच्या आसपास ढोलीत राहतात. सुरुवातीला पक्षी अख्खा आत जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. पुढे डोकं-खांदे आत आणि ताठ शेपटी खोडाला टेकवलेली, असं अर्धं अंग बाहेर राहतं. शेवटच्या दिवसांत पिल्लू स्वतःच तोंडाशी येऊन मान काढतं, आणि बाप बाहेर लटकूनच भरवतो. फोटो हवा असेल तर हेच दिवस. धोकाही याच दिवसांत जास्त, कारण दचकलेलं पिल्लू वेळेआधी बाहेर उडी टाकू शकतं.

म्हणून अंतर किमान 25 मीटर ठेवावं आणि झाडाच्या आडोशाला बसून राहावं. पक्षी आला, पण खोडाच्या पाठीमागे सरकून ओरडत राहिला आणि दहा मिनिटं ढोलीत गेला नाही, तर चूक आपली. मुकाट्याने मागे सरावं. मोबाइलवर आवाज वाजवणं, फ्लॅश मारणं, खोडावर थापटणं यातलं काहीही करू नये. ढोलीसमोरच्या फांद्या तर मुळीच छाटू नयेत. त्या पानांमुळेच ढोल कावळ्यांच्या नजरेआड राहते.

वाटेत झाडावर काळपट मुंग्यांचं शेणाच्या गोळ्यासारखं घर दिसलं तर तिथेही थोडं थांबावं. तांबूस सुतार अशाच घरात भोक पाडून, मुंग्यांच्या वस्तीतच अंडी घालतो. घराला गोल, कडा स्वच्छ असलेलं भोक असेल तर पाळत ठेवण्याजोगं आहे.

पिल्लं उडाली की ढोलीसमोर बसण्यात अर्थ नाही. पुढचे काही दिवस ती आई-बापाच्या मागे मागे झाडं बदलत फिरतात. त्यांचे रंग मळकट असतात आणि खोडावरची पकडही कच्ची. अशा वेळी आई-बापाच्या खिंकाळीसारख्या लांब हाकेचा माग धरावा. रिकाम्या ढोलीवर लवकरच साळुंकी किंवा पिंगळा हक्क सांगतो.