पंख्याच्या पात्यावर

आमच्या पेठेतल्या देवळात एक पंखा आहे. एका पात्यावर 'कै.', दुसऱ्यावर दात्याच्या वडिलांचं नाव, तिसऱ्यावर 'यांचे स्मरणार्थ', सगळं लाल ऑइलपेंटमध्ये. पंखा सुरू झाला की अक्षरं विरघळतात आणि नुसतं एक लालसर कडं फिरत राहतं. भारनियमनाच्या काळात रोज काही तास तरी त्या गृहस्थांचं स्मरण व्हायचं. आता वीज फारशी जात नाही, त्यामुळे बिचारे मागे पडले.

साताऱ्यात फिरताना मी या नावांकडे बघत असतो. बाकावर नाव, पाणपोईवर नाव, स्मशानातल्या शेडवर नाव. देवळाच्या पायरीवरच्या नावाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. पंढरपुरात नामदेवांनी पायरीच मागून घेतली, संतांचे पाय लागावेत म्हणून. पायरीवर नाव कोरणारा निदान तुडवून घ्यायला तयार असतो. ट्यूबलाइटच्या पट्टीवर नाव घालणाऱ्याचं काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नळी चाळीस वॉटची आणि नाव तिच्या टोकापासून टोकापर्यंत.

हा विषय डोक्यात बसला तो अप्पाकाकांच्या चित्रांमुळे. काका चित्रकलेचे शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसणारी किती पोरं त्यांच्या हाताखालून गेली, याचा हिशेब त्यांनीही ठेवला नव्हता. ते गेल्यावर माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली काढली तर तिच्यात चाळीसएक जलरंगातली चित्रं. काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, काही जुन्या कॅलेंडरच्या पाठीला डकवलेली. पोरांनी एकेक ठेवून घेतलं. उरलेल्यांचं काय करायचं? चुलतभाऊ म्हणाला, "वाचनालयाला देऊन टाकू. काका रोज तिथेच पेपर वाचायचे."

वाचनालयाच्या कार्यवाहांनी आम्हाला चहा पाजला, काकांच्या आठवणी काढल्या आणि शेवटी विचारलं, "चित्रांचं काय करणार हो आपण? तुम्ही असं करा, एक स्टीलचं कपाट द्या. दर्शनी बाजूला नाव घालून देतो."

माणूस वाईट नव्हता. कपाटाची गरज खरीच होती, संदर्भ विभागातली पुस्तकं जमिनीवर रचलेली मला समोर दिसत होती. पण रस्त्यात भाऊ आणि मी बराच वेळ बोललो नाही. मग तोच म्हणाला, "औंधला जायचं का एकदा?"

औंधची सहल हा काकांचा दर वर्षाचा नेम. सातवी-आठवीची पोरं घेऊन एसटीने रहिमतपूरवरून जायचं, यमाईचा डोंगर चढायचा, डबे खायचे आणि मग संग्रहालय. आत शिरण्याआधी काका दारात सगळ्यांना थांबवून एकच सांगायचे : "आधी चित्र बघायचं. मग पाटी वाचायची. जो आधी पाटी वाचेल त्याला परत येताना उभं राहून यावं लागेल." आम्ही पाटीकडे न बघता चित्र बघायचो, म्हणजे खरं तर काकांकडे बघायचो.

श्रीभवानी वस्तुसंग्रहालय १९३८ मध्ये बांधलं ते भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. हा राजा सूर्यनमस्कारांचं वेड लावणारा, कीर्तन करणारा, स्वतः रामायणाची चित्रं काढणारा. संस्थान केवढं, तर बहात्तर गावांचं, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. एवढ्याशा संस्थानिकाने मोटारी आणि शिकारी यांच्यावर पैसे उडवले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं, तशी रीतच होती. यांनी चित्रं घेतली. राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' तिथे आहे. धुरंधरांची चित्रं आहेत, लघुचित्रं आहेत, युरोपातल्या नामवंत चित्रांच्या नकला आहेत. आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे दगडी शिल्पही आहे. खटाव तालुक्यात, ज्वारीच्या शिवारांमध्ये, हेन्री मूर! आमच्या वर्गातल्या एकाने काकांना विचारलं होतं, "सर, हे अर्धंच राहिलंय का?" काका म्हणाले, "तुझी आई तुला उचलून घ्यायची तेव्हा तुला तिचं नाक-डोळे दिसत होते का? ऊब लागत होती ना, झालं तर." प्रश्न विचारणारा गप्प झाला. पटलं म्हणून की घाबरून, ते कळलं नाही.

'सैरंध्री'पुढे काका जास्त रेंगाळायचे. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, राणीच्या हुकमाने कीचकाच्या महालात मद्य आणायला निघालेली. ती गोष्ट आम्हाला पाठ होती, आणि रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वती तर प्रत्येकाच्या देवघरात होत्या. त्यामुळे रविवर्मा म्हणजे कॅलेंडर एवढीच आमची समज. "छापातलं लुगडं सपाट असतं," काका म्हणायचे, "इथे जवळून बघा, रंगाला जाडी आहे." मग रखवालदार ओरडायचा, जवळ जाऊ नका म्हणून.

या वेळी भाऊ आणि मी गेलो तेव्हा आत आम्ही दोघं आणि एक कुटुंब, एवढेच. उजेड वरच्या झडपांमधून भिंतींवर उतरत होता. मला मात्र चित्रांपेक्षा त्यांच्यामागच्या पैशाचा प्रश्न पडला होता. इथला दाता कोण? पाटीवर राजेसाहेब, ते बरोबरच आहे. आवड त्यांची, नजर त्यांची. पण तिजोरी भरत होती ती खटाव-आटपाडीकडच्या दुष्काळी मुलखातल्या शेतसाऱ्यावर. पाऊस हुकला की जे लोक जगायला मुंबई गाठायचे, त्यांचेही चार-दोन आणे त्या सैरंध्रीच्या काठात गेले असणार. त्यांच्या नावांची पाटी लावायची तर भिंत पुरायची नाही.

बाळासाहेबांना हे दिसत असावं, असं मला वाटतं. कारण संग्रहालय झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, त्यांनी औंधात स्वराज्याची घटना लागू केली आणि कारभार पंचायतींच्या हाती दिला. गांधीजींचा सल्ला घेऊन. आदल्या वर्षी चित्रं भिंतीवर चढवली आणि दुसऱ्या वर्षी सत्ता खाली ठेवली. असा दाता पुन्हा सापडणं अवघड.

काका आणखी एक गोष्ट सांगायचे, लक्ष्मणराव किर्लोस्करांची. ते मुंबईच्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे लक्षात आलं की डोळ्यांना काही रंगच नीट कळत नाहीत. चित्रकला सुटली, ते यंत्रांकडे वळले. पुढे या चित्रवेड्या राजानेच त्यांना कारखान्यासाठी आपल्या संस्थानातली जागा दिली, १९१० मध्ये. तीच आज सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. "हिरवा-तांबडा ओळखता आला असता तर आपल्याला लोखंडी नांगर मिळाला नसता," हे काकांचं नेहमीचं वाक्य. रंग चुकवणाऱ्या पोरांना मात्र या वाक्याचा फायदा मिळत नसे.

औंधहून आल्यावर आम्ही पुन्हा वाचनालयात गेलो आणि सौदा केला. कपाट देतो, पण चित्रही घ्या. एकच. कार्यवाहांनी डोकं खाजवलं, मग वाचनकक्षातल्या ओल आलेल्या भिंतीकडे बघितलं. "इथे लावू. डाग झाकला जाईल." ओलीवर जलरंगाचं चित्र लावायचं म्हणजे त्याला फाशीच देणं. शेवटी समोरची कोरडी भिंत ठरली, घड्याळ थोडं सरकवून.

आम्ही माहुलीच्या घाटाचं चित्र निवडलं. कृष्णेचं पाणी, पायऱ्या, वर देवळाचा कळस. पाठीमागे पेन्सिलीत 'सकाळ, ७.१०' एवढंच. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, तिथे कागद शिल्लक ठेवायचा असतो, हे काकांनी आम्हाला छडी दाखवून शिकवलेलं. त्या चित्रात पाण्यावर ऊन पडलंय तिथे नुसता कागद आहे. काच बसवणारा फ्रेमवाला म्हणाला, "इथलं रंगवायचं राहिलंय वाटतं."

पाटीवरून थोडं झालं. कार्यवाहांच्या मनात पितळी पाटी होती, दात्यांच्या नावांसह, म्हणजे भावाच्या आणि माझ्या. तिची किंमत फ्रेमपेक्षा जास्त भरली आणि लांबी चित्राइतकीच. आम्ही नको म्हणालो तेव्हा ते चक्रावले. "मग लोकांना कळणार कसं?" कपाटावर मात्र नाव घातलंच, निळ्या रंगात, काकांच्या आडनावात एक वेलांटी चुकवून. ती अजून तशीच आहे.

परवा पेपर चाळत बसलो होतो. नेहमी शब्दकोडं सोडवणारे एक आजोबा काठी टेकत उठले आणि त्या चित्रापुढे जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "ही खालून तिसरी पायरी बघा. शेवाळलेली असायची. मी दोनदा पडलोय इथे." काठीचं टोक काचेपासून वीतभर अंतरावर थरथरत होतं. "सकाळचीच वेळ दिसतेय. बायका धुणं घेऊन यायच्या आधीची."

मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक काचेला लागेल इतके वाकले आणि उजव्या कोपऱ्यातली सही वाचू लागले.