फक्त ॲडमिन

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या इन्स्टाग्राम पेजवर वृक्षारोपणाचा फोटो आला. एक खड्डा, एक रोप आणि त्या रोपाला हात लावून उभे असलेले नऊ जण. रोप गुलमोहराचं. (मूळचा मादागास्करचा, पण असो. वनस्पतीशास्त्राच्या बाईला एवढं तरी बोलू द्या.) खाली कॉमेंट एकच होती: 'सर, बॅकलॉगचे फॉर्म कधी सुरू होणार?' आठ दिवस झाले, उत्तर नाही.

हे पेज कसं जन्माला आलं ते मला चांगलं आठवतं. जुलै २०१९ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं पत्र देशभरातल्या उच्च शिक्षण संस्थांना गेलं. प्रत्येक संस्थेने एक 'सोशल मीडिया चॅम्पियन' नेमायचा, फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्रामवर खाती उघडायची, ती मंत्रालयाच्या खात्यांशी जोडायची, विद्यार्थ्यांचीही खाती जोडून घ्यायची आणि आठवड्याला निदान एक चांगली गोष्ट सांगायची. आमच्याकडे हा मान सगळ्यांत तरुण सरांकडे गेला. त्यांच्या फोनचा कॅमेरा बरा होता, एवढाच निकष. सर भला माणूस, पण आठवड्याला एक चांगली गोष्ट तालुक्याच्या कॉलेजात आणायची कुठून? मग जयंत्या, पुण्यतिथ्या, पाहुण्यांचे सत्कार.

खरं बोलणं सुरू झालं ते मार्च २०२० नंतर, व्हॉट्सॲपवर. तेव्हा एका ग्रुपात २५६ जणच मावायचे, म्हणून आमचे तीन ग्रुप झाले. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसणारी पोरं होती. लेक्चरचा व्हिडिओ उघडत नाही म्हटल्यावर मी व्हॉइस नोट पाठवायला लागले. मागे कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांचा कुत्रा, मध्येच माझ्या सासूबाईंचा आवाज. वर्गात तीन वर्षं तोंड न उघडलेली मुलं तिथे प्रश्न विचारू लागली.

मग ऑक्टोबरमधल्या ऑनलाइन परीक्षांच्या तोंडावर कुणीतरी परीक्षा पुढे ढकलल्याचं बनावट परिपत्रक टाकलं. खाली शिक्कासुद्धा होता. दोन तासांत अर्ध्या तालुक्यात फिरलं. त्याच सुमारास दोन मुली माझ्याकडे आल्या. ग्रुपमुळे त्यांचे नंबर सगळ्यांना दिसत होते आणि रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून 'हाय' यायचं. मीटिंग झाली, तिन्ही ग्रुप 'फक्त ॲडमिन'वर गेले, म्हणजे मेसेज टाकायचा तो ॲडमिननेच. बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होते. आजही त्या मुली आल्या तर मी हात वरच करीन. पण त्या दिवसापासून ग्रुपचा नोटीस बोर्ड झाला, तेही खरं. आता तिथे पीडीएफ येतात. एखादे ज्येष्ठ सर स्वतः ॲडमिन असल्यामुळे रोज सकाळी सूर्योदय आणि सुविचार पाठवतात, आणि त्यांना कुणी उत्तर देऊ शकत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी मी एक छोटा ग्रुप काढला. ज्याला यायचंय त्याने यावं, नाव 'बांधावरचं'. नियम दोन. रात्री नऊनंतर मेसेज नाही, आणि झाडाझुडपाचा फोटो स्वतः काढलेला हवा. बत्तीस जण आहेत. पोरं मराठी लिहितात इंग्रजी अक्षरांत, मी देवनागरीत, चालतं. पहिला महिनाभर नुसतं गाजरगवत आणि टाकळा आला.

मग एका मुलाने कळलावी पाठवली. वर्गात हा शेवटच्या बाकावर, प्रॅक्टिकलला निम्मे दिवस गैरहजर, कारण दूध घालायला जायचं असतं. फोटो मात्र नेमका. पानाचं टोक स्प्रिंगसारखं वळून करवंदीच्या काटकीला धरून बसलेलं, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक. 'मॅडम, आजी म्हणते घरात आणू नको, भांडणं लागतात.' लगेच एका मुलीचं उत्तर: तिची आजी म्हणते, कळ म्हणजे बाळंतपणाची कळ, जुन्या काळी सुईणी वापरायच्या. झालं, दोन आज्यांमध्ये जुंपली! मी मध्ये पडून सांगितलं की कंद जहाल विषारी, त्यात कोल्चिसिन असतं, हात लावलात तर धुवा. त्यावर तिसऱ्याने विचारलं, आपल्या पुस्तकात ही लिलिएसी कुळात आहे आणि नेटवर कोल्चिकेसी दाखवतंय, परीक्षेत काय लिहू? जुनं बेंथम-हूकर आणि नवं, डीएनएवर आधारलेलं एपीजी या वनस्पतींच्या दोन वर्गीकरणांतला फरक मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. तो कुणाला कळला असेल तर त्या संध्याकाळी.

चॅम्पियन सरांनी तो फोटो मागून घेतला आणि पेजवर टाकला. 'विद्यार्थ्यांचा अभिनव उपक्रम.' मुलाचं नाव राहून गेलं. मी फोन करून घालायला लावलं, तर मुलगा म्हणाला, 'राहू द्या मॅडम, त्या फॉर्मचं तेवढं बघा.' गुलमोहराखालची कॉमेंट त्याचीच होती.

आज सकाळी परीक्षा विभागाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. फॉर्म सोमवारपासून. 'बांधावरचं'वर टाकलं. दुपारपर्यंत एकोणीस अंगठे आले आणि कुर्डूचा एक अंधुक फोटो.