आधी पत्र, मग एनमॅप

सायबर सिक्युरिटीच्या लॅबमध्ये आमची मुलं मेटास्प्लॉइटेबलवर सराव करतात. हे मशीन मुद्दाम भोकं ठेवूनच बनवलेलं आहे. एफटीपी (फाइली पाठवण्याच्या) सर्व्हरची भोक असलेली आवृत्ती २.३.४ दिसली की पुढची कमांड पाठच असते. सीनियरच्या जर्नलमधून आलेली. शेल मिळतो, म्हणजे त्या मशीनवर कमांड चालवता येतात, आणि जर्नलवर सही होते. हात बसतो, पण खऱ्या नेटवर्कवर काय बघायचं, दिसूनही कशाला हात लावायचा नाही आणि सापडलेलं कुणाला सांगायचं, हे कळत नाही. म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुलांना आपल्याच कॉलेजचं नेटवर्क तपासू द्यावं, असा आग्रह मी धरला.

"मॅडम, पोरांच्या हातात किल्ल्या द्यायच्या?" हा मीटिंगमधला पहिला प्रश्न. एनमॅप, म्हणजे नेटवर्कवर काय काय चालू आहे हे दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो, होस्टेलच्या वायफायवर तो कुणी ना कुणी चालवतोच. परवानगी नसते, एवढंच. आणि सगळा फरक तिथेच पडतो.

मॉन्ट्रियलच्या डॉसन कॉलेजचं प्रकरण मी दरवर्षी वर्गात सांगते. तिथल्या कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्याला स्टुडंट पोर्टलमध्ये त्रुटी सापडली; अडीच लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती त्यातून उघडी पडत होती. त्याने ती कॉलेजला कळवली. दोन दिवसांनी दुरुस्ती झाली का हे बघायला त्याने न विचारता त्रुटी शोधणारा स्कॅनर प्रोग्रॅम चालवला, आणि कॉलेजने त्याला काढून टाकलं. जानेवारी २०१३ मध्ये हे जगभर छापून आलं. मला त्या कॉलेजचा निर्णय आजही चुकीचा वाटतो. पण परवानगीच्या एका कागदाने तो मुलगा वाचला असता, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दलच आहे. त्यात अप्रामाणिक हेतू ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून आमच्या परवानगीच्या पत्रावर प्राचार्यांची सही आणि शिक्का असतो. कोणते आयपी (नेटवर्कवरचे पत्ते), कोणत्या वेळेत, कोणत्या लॅपटॉपवरून, सगळं त्यात लिहिलेलं. परीक्षा विभाग आणि अकाउंट्स यादीबाहेर. पासवर्ड सापडला तर लॉगिन करायचं नाही, स्क्रीनशॉट काढून थांबायचं. दुरुस्तीनंतरची फेरतपासणीही पत्रातच, डॉसनमुळे.

पत्रापेक्षा अवघड होतं ते आमच्या सिस्टीम अ‍ॅडमिन सरांचं. अख्ख्या कॉलेजचं नेटवर्क हा माणूस एकटा सांभाळतो. प्रोजेक्टर बंद पडला तरी फोन त्यांनाच. "मॅडम, रिपोर्ट म्हणजे माझ्याच चुकांची यादी ना?" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज पडला होता. तेव्हाच ठरलं की तपासणीच्या वेळी ते मुलांच्या शेजारी बसतील, रिपोर्ट आधी त्यांच्याकडे जाईल आणि प्रत्येक त्रुटीसमोर ती राहण्याचं कारणही लिहायचं. लायब्ररीतल्या विंडोज ७ च्या पीसीसमोर मुलांनी लिहिलं: 'नवीन पीसीची मागणी केलेली आहे, मंजुरी बाकी.' मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला, हेही त्याच ओळीत. मंजुरी आली. सरांच्या आधीच्या अर्जांनी जे झालं नव्हतं, ते मुलांच्या रिपोर्टने झालं.

मोठं काय सापडलं? सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) विद्यार्थ्यांच्या वायफायवरून दिसत होता आणि लॉगिन पानावर कंपनीचं नाव-मॉडेल छापलेलं होतं. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नव्हता, हे सरांनी स्वतः टाकून पाहिलं. २०१६ मध्ये मिराय बॉटनेटने, म्हणजे हॅकरच्या हुकमावर चालणाऱ्या उपकरणांच्या जाळ्याने, असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. तो बनवणाऱ्यांतला पारस झा न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याने आपल्याच विद्यापीठाच्या नेटवर्कवरही हल्ले केले होते. हे ऐकताना वर्ग गप्प होता.

कॅमेरे आता वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात आहेत. परीक्षा विभागाचा सर्व्हर अजून यादीबाहेरच. तो आत घ्यायचा तर बॅकअप खरंच परत चढतो का, हे आधी बघायला हवं. ते काम सरांनी आणि मी दिवाळीच्या सुट्टीत घेतलंय.