किल्लारीच्या भिंती

स्मरणिकेत सहसा गुरुजनांच्या आठवणी असतात. माझ्या वाट्याचं पान मी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाला देतो, कारण आपल्या शाळेतली बरीच मुलं पुढे बांधकामात जातात आणि १९९३ हे त्यांच्या जन्माआधीचं साल आहे.

३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून माणसं घरात निजलेली. लातूर-उस्मानाबाद भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाची तीव्रता ६.२, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. एवढ्या धक्क्यात इतके जीव जायला नको होते.

बहुतेक जण माळवदाला, म्हणजे लाकडावर माती अंथरलेल्या सपाट छपराला, दोष देतात. तो आहेच. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं मातीचे थर चढत गेले. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे साडेसहा-सात टन वजन. पण आधी सुटली ती भिंत. दोन-अडीच फूट जाड, बाहेरून भक्कम दिसणारी. आत मात्र दगडांचे दोन वेगळे पडदे, म्हणजे एक आतल्या आणि एक बाहेरच्या अंगाचा थर, आणि मधे गोटे, चिपा, माती. हादऱ्याने ही भर खाली दबून पाचरीसारखी दोन्ही पडद्यांना ढकलते, भिंतीला पोट सुटतं आणि दगड ढासळतात. अरुंद बोळात दोन्ही बाजूंचा ढिगारा पडला की बाहेर पडायलाही वाट उरत नाही.

त्यानंतर लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला. माझ्या मते तो दगडावर अन्याय आहे. चूक बांधणीची होती. भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड दर दोन फूट उंचीवर, आडवा चार-चार फुटांवर हवा. दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा हवा. कोपऱ्यात सळ्या तोडल्या, की तो पट्टा असून नसल्यासारखा. सळ्या वळवून शेजारच्या भिंतीत न्यायच्या.

जुनं घर राहतं ठेवायचं असेल तर माळवदाची माती वीस सेंटिमीटरवर आणावी, खाली प्लॅस्टिकचा कागद घालावा, म्हणजे गळतीसाठी पुन्हा थर चढवावे लागत नाहीत. आरपार दगडाच्या जागी भोक पाडून आकड्याची सळी आणि काँक्रीट भरता येतं. मात्र घण घालायचा नाही, त्याने आजूबाजूची भिंतही सुटते. लहान पहारीने एकेक दगड सैल करून काढायचा, आणि काँक्रीट भरल्यावर निदान दहा दिवस पाणी मारायचं.