अठ्ठावीस वर्षांची मशेरी कशी सुटली : माझा अनुभव

तेराव्या वर्षी दाढ ठणकायला लागली, तेव्हा आजीनं चिमूटभर मशेरी बोटावर दिली आणि हिरडीला चोळायला सांगितली. गरगरलं, उमासे आले, पण ठणका थांबला. पुढे ती दाढ काढली, मशेरी मात्र राहिली. उठल्यावर, भाकरी झाल्यावर, दुपारी, रानातून आल्यावर, झोपताना. रोज पाच वेळा, अठ्ठावीस वर्षं.

आमच्या साताऱ्याकडे बऱ्याच घरांत मशेरी घरीच करतात. बाजारातून सुटी तंबाखू आणायची, जुन्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची. भाजताना असा ठसका उठतो की लेकरं खोकत अंगणात पळतात. त्या तव्यावर दुसरं काही भाजत नाहीत.

हे इतकं सांगायचं कारण आहे. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र असतं. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. शाळेच्या भिंतीवर घोषणा आहेत, सिनेमाआधी जाहिरात लागते. हे सगळं मी पाहत होते आणि त्यातलं काहीही मला माझ्यासाठी वाटत नव्हतं. माझी डबी पितळेची, झाकणावर मोर. तिच्यावर कुठलं चित्र असणार? शिवाय आमच्यात तंबाखू पुरुष खातात, बायका मशेरी लावतात. ‘तंबाखू सोडा’ असं कुणी म्हटलं की माझी नजर दिराकडे जायची.

२०२२ च्या पावसाळ्यात आशाताई, म्हणजे घरोघरी आरोग्याची चौकशी करणाऱ्या गावातल्या आशा सेविका, फॉर्म घेऊन ओट्यावर बसल्या. कुणाला आजाराचा धोका जास्त आहे ते बघायला तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरतात तो, त्या त्याला सीबॅक म्हणतात. कमरेला टेप लावली, घरात कुणाला साखर-बीपी आहे का विचारलं, मग म्हणाल्या, “वहिनी, तंबाखू?” मी नाही म्हटलं. त्यांनी एकेक नाव घेतलं : गुटखा, खैनी, तपकीर, मशेरी. माझं बोट तेव्हाही काळं होतं. मी गप्प बसले. त्या काही बोलल्या नाहीत, रोज लावणाऱ्याला असतात ते २ गुण लिहिले. बेरीज चारच्या वर गेली. “तुम्हाला आधी तपासायला पाहिजे. गुरुवारी उपकेंद्रात या, मी तिथंच असते,” एवढंच म्हणाल्या.

गेले. तिथल्या बाईंनी बॅटरीच्या उजेडात तोंड बघितलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा. हा कॅन्सर नाही, पण असाच राहिला तर पुढे होऊ शकतो, आणि मशेरी थांबवली तर बऱ्याच जणांचा जातो, असं त्यांनी सरळ सांगितलं. पुढच्या तपासणीसाठी ज्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथं एक जण सगळ्यांदेखत ओरडला, “शिकलेल्या दिसता, लाज नाही वाटत?” परतीच्या एस्टीत बसण्याआधी मी स्टँडमागे जाऊन मशेरी लावली. ओरडून कुणाचं काही सुटत असेल, असं मला तेव्हापासून वाटत नाही. घरी आशाताई वाट बघत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

मशेरी सोडायला मदत करणारा नंबर मला सापडला तो दिराच्या तंबाखूच्या पुडीवर. १८००-११-२३५६. फुकट लागतो, पुड्यांवर २०१८ पासून छापलेला आहे. पलीकडे मराठीत बोलणारी ताई होती. कधीपासून लावता, कितीदा, उठल्यावर किती वेळात लागते, सगळं विचारलं. मग म्हणाली, “तारीख तुम्ही ठरवा.” मी घटस्थापना धरली.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. डोकं जड, हात रिकामे, धाकट्यावर उगाच ओरडत होते. आणि पोट साफ होईना. आमच्याकडे हेच सांगतात, मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, आणि मला ते खरं झाल्यासारखं वाटलं. फोनवरच्या ताईनं उलगडून सांगितलं : तंबाखूतलं निकोटीन आतड्याला ढोसतं, आतड्याला त्या ढोसण्याची सवय लागते. ते बंद झालं की काही आठवडे आतडं सुस्तावतं, मग आपलं आपण चालायला लागतं. पहाटे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी वाढवा, चालायला जा. तिसऱ्या आठवड्यात फरक पडला. इतक्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. हे माहीत नसल्यामुळे किती बायका पाचव्या दिवशी परत डबी उघडत असतील!

तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते, हेही तिनंच सांगितलं. तेवढा वेळ काढायला मी पदराच्या गाठीत बडीशेप आणि दोन लवंगा ठेवायचे. तवा भंगारवाल्याला दिला. डबी मात्र देववली नाही, आजीची होती. घासून त्यात आता हळदकुंकू ठेवते.

दिवाळीनंतर नणंदेच्या घरी लग्नाला गेले. मांडवात बायकांच्या घोळक्यात डबी फिरली, मीही बोट घातलं. रात्रभर झोप नाही. फोन आला तेव्हा रडतच सांगितलं. ताई म्हणाली, “पन्नास दिवस तुम्ही लावली नाही ना? ते दिवस कुठं जात नाहीत. उद्यापासून पुढे मोजा.” हे वाक्य मला औषधासारखं लागू पडलं.

सहा महिन्यांनी चट्टा पुसट झाला, वर्षानं दिसेनासा. तरीही दर सहा महिन्यांनी तपासायला जाते, बचत गटातल्या दोघी-तिघींना सोबत नेते. तिथं जाऊन तोंड उघडायचं म्हणजे काय, हे एकदा बघितलं की त्यांची भीती कमी होते.

पुढच्या वेळी आशाताई परत फॉर्म घेऊन आल्या. तंबाखूच्या ओळीवर थांबल्या आणि २ च्या जागी १ लिहिला. पूर्वी लावणाऱ्याला शून्य मिळत नाही, १ मिळतो. मी तो आकडा बघत होते, तेवढ्यात दाराआडून सासूबाई म्हणाल्या, “पोरी, माझं बी लिही की. आणि खरं तेच लिही, पाच टायम.”